एकल पालकांनो, कामाला लागण्याआधी सरकारी मदत घेताना या चुका टाळा

नवरा वारला, सोडून गेला किंवा घटस्फोट झाला, की कामाला लागेपर्यंतचे महिने सर्वांत जड जातात. हातात कमाई नाही, मूल लहान, शिकून काही करावं तर घरी कोण बघणार? मुंबईत या काळासाठी सरकारी मदत आहे. ती तुटपुंजी आहे, पण हक्काची आहे. अर्ज अडकतात ते बऱ्याचदा पात्रता नसते म्हणून नव्हे, तर योजना, कागद किंवा खातं चुकल्यामुळे.

आजची परिस्थिती बघून योजना निवडणं

ही चूक सर्वांत महागात पडते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित स्त्रियांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. वय १८ ते ६५ आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य हवं. खरी अडचण उत्पन्नाची: कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत, म्हणजे महिन्याला १,७५०. मुंबईत एवढ्यात झोपडपट्टीतल्या खोलीचं भाडंही निघत नाही. ही मर्यादा वाढायलाच हवी. पण आज ती आहे, आणि चार घरची धुणीभांडी धरली की ती ओलांडली जाते.

लाडकी बहीण योजनेतही १,५०० रुपयेच मिळतात, पण तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. दुसऱ्या सरकारी योजनेतून १,५०० मिळत असतील तर लाडकी बहीणचे मिळत नाहीत. म्हणून ज्या बाईला लाडकी बहीणचा हप्ता चालू आहे आणि जी वर्षभरात कामाला लागणार आहे, तिने तो सोडून निराधार योजनेत जाऊ नये. पहिल्या पगाराबरोबर निराधारची पात्रता जाईल आणि हात रिकामे राहतील.

मुलाच्या नावाने मिळणारी मदत वेगळी असते, आणि नेमकी तीच लोकांना माहीत नसते. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनेत एक पालक असलेल्या मुलासाठी महिन्याला २,२५० रुपये आहेत, वयाच्या १८ वर्षांपर्यंत. ती एकट्या वडिलांनाही मागता येते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वात, म्हणजे मुलाच्या संगोपनासाठी मिळणाऱ्या मदतीत, महिन्याला ४,००० रुपये आहेत आणि शहरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९६,००० रुपयांपर्यंत चालतं, म्हणजे महिन्याला ८,०००. अर्धवेळ काम किंवा प्रशिक्षणाचं विद्यावेतन यात बसू शकतं. एकाच मुलासाठी दोन्ही मिळत नाहीत, त्यामुळे अर्ज करतानाच कुठला करायचा ते ठरवा. आमचं मत स्पष्ट आहे: आधी मुलाची मदत मार्गी लावा, मग स्वतःची.

नवरा नुकताच गेला असेल, घर दारिद्र्यरेषेखाली असेल आणि कमावत्या माणसाचं वय १८ ते ५९ असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. तेही विचारा.

सासरच्या रेशन कार्डावर राहून उत्पन्नाचा दाखला काढणं

बाई सासरीच राहते, चूल वेगळी, पण कार्ड एकच. तहसीलदाराच्या दाखल्यात मग दिराचा पगारही धरला जातो आणि अर्ज बाद होतो. आधी शिधावाटप कार्यालयात स्वतःचं व मुलांचं नाव कमी करून विभक्त कार्ड काढा. घरचे सहकार्य करत नसतील तर शिधावाटप अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मगच उत्पन्नाचा दाखला. दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, त्यामुळे फेब्रुवारीत काढलेला कागद एप्रिलमध्ये उपयोगाचा नाही. उत्पन्न खोटं कमी दाखवून दाखला मिळवू नका. पडताळणीत उघड झालं तर पैसे परत भरावे लागू शकतात.

चुकीच्या कार्यालयात खेटे घालणं

मुंबईत दोन जिल्हे आहेत. कुलाब्यापासून माहीम, धारावी, सायनपर्यंत मुंबई शहर. वांद्रे आणि कुर्ल्यापासून पुढे उपनगर. उपनगरात तीन तालुके: अंधेरी, बोरिवली, कुर्ला. गोवंडी, मानखुर्द, घाटकोपर, मुलुंड हे सगळं कुर्ला तालुक्यात. निराधारचा अर्ज आपल्या भागाच्या तहसीलदारांच्या संजय गांधी शाखेत जातो आणि समितीच्या बैठकीत मंजूर होतो, म्हणून लगेच पैसे येत नाहीत. बाल संगोपनचा अर्ज मात्र जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याकडे. तिथून गृहभेट होते, अहवाल जातो आणि बाल कल्याण समिती आदेश देते. गृहभेटीच्या दिवशी मूल घरी असू द्या. शाळेचं बोनाफाईड, मुलाचं आधार, मृत्यूचा दाखला किंवा न्यायालयाचा कागद एकाच पिशवीत ठेवा.

स्टॅम्प पेपरवरची सोडचिठ्ठी पुरेल असं समजणं

सहसा पुरत नाही. घटस्फोटाला न्यायालयाचा आदेश लागतो. मात्र निकाल लागला नाही म्हणून घरी बसू नका: घटस्फोटाची प्रक्रिया चालू असलेल्या आणि पोटगी न मिळणाऱ्या स्त्रियाही निराधार योजनेत येतात. दाव्याची प्रत जोडा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

लाडकी बहीणच्या ई-केवायसीत, म्हणजे आधारवरून होणाऱ्या ऑनलाइन ओळख पडताळणीत, पती किंवा वडिलांचं आधार मागितलं गेलं आणि एकट्या बाया तिथेच अडकल्या. त्यामुळे हप्ता थांबला असेल तर मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश घेऊन अंगणवाडी सेविकेला भेटा.

मंजुरी आली, पैसे आले नाहीत

बँक म्हणते आधार लिंक आहे, तरी खात्यात काही नाही. कारण असं: सरकारी पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या एकाच खात्यात जातात. मोबाइलचं सिम घेताना उघडलेलं विसरलेलं पेमेंट बँकेचं खातंही ते असू शकतं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधार कोणत्या खात्याशी जोडलंय त्याची, स्थिती बघा, कोणत्या बँकेचं नाव दिसतं ते वाचा. खातं बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंगचा फॉर्म भरा. नुसती केवायसी करून भागत नाही. नवऱ्याबरोबरचं संयुक्त खातं देऊ नका. आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं असेल तर आधी एक करा, पण विचार करून, कारण आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं.

वेळ न जुळवता प्रशिक्षण घेणं

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत वय १८ ते ३५, बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय किंवा पदविका असलेल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलेलं आहे. नोंदणी रोजगार महास्वयम पोर्टलवर. ही नोकरी नव्हे, आणि पुढे कायम करण्याची हमी नाही. ६,००० महिन्याला म्हणजे सहा महिन्यांत ३६,०००, निराधारच्या मर्यादेच्या वर. प्रायोजकत्वाच्या मर्यादेत मात्र बसतं. दहावी झालेल्यांनी आयटीआयतले एक वर्षाचे अभ्यासक्रम बघावेत, महिलांना ३० टक्के जागा राखीव आहेत.

अर्ज भरण्याआधी कागदावर दिवस मांडा. मुलाची पालिका शाळा सकाळच्या सत्रात की दुपारच्या? वर्गाला जायला लोकलने किती वेळ? सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलासाठी पाळणाघर असलेली अंगणवाडी जवळ आहे का, ते सेविकेला विचारा. हे न बघता घेतलेला प्रवेश पहिल्याच महिन्यात सुटतो.

अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा. दाखल्यासारखी अधिसूचित सेवा (जिची मुदत सरकारने ठरवून दिली आहे) मुदतीत मिळाली नाही तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली आपले सरकार पोर्टलवर ३० दिवसांत अपील करता येतं. निराधारचा लाभ चालू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्याची तारीख शाखेतून विचारून पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.