टाचांच्या भेगांसाठी राळेचे मलम

लावणीच्या चिखलात भिजलेल्या टाचांना पुढे थंडीत भेगा पडल्या की कोकणात हात आधी कोकमतेलाच्या गोळ्याकडे जातो. त्यात राळ मिसळली की ते भेगेत धरून राहते, चालताना पुसून जात नाही.

राळ २० ग्रॅम, खोबरेल ६० ग्रॅम, कोकमतेल ३० ग्रॅम आणि मधमाश्यांचे मेण १० ग्रॅम घ्यावे. राळ म्हणजे सालवृक्षाचा वाळलेला चीक. तो वृक्ष कोकणातला नव्हे, म्हणून राळ काष्ठौषधींच्या दुकानातून आणावी, आणि तीही खड्यांचीच. तयार पुडीत मिसळलेले स्वस्त रोझिन, म्हणजे पाइन वृक्षाची राळ, ओळखता येत नाही आणि काहींच्या त्वचेला ते सोसत नाही. खडे हलक्या हाताने कुटून पूड वस्त्रगाळ करावी.

खरी कसोटी राळ तेलात विरघळवण्याची आहे आणि मला सर्वाधिक त्रास याच टप्प्याने दिला. ‘सगळे एकत्र करून उकळा’ हा सल्ला कृपा करून ऐकू नये. तशाने राळेचा चिवट गोळा तळाशी बसतो, आच वाढवली की तो करपतो आणि मलमाला जळका वास लागतो. जाड बुडाच्या पातेल्यात खोबरेल व कोकमतेल एकत्र वितळवावे आणि अगदी मंद आचेवर राळ चिमटीचिमटीने भुरभुरवत, आधीची चिमूट दिसेनाशी झाल्यावरच पुढची टाकत, सतत ढवळत राहावे. थेंबभर मिश्रण स्टीलच्या ताटलीवर टाकून निवू द्यावे. बोटांत चोळताना कण लागला तर अजून वेळ आहे. धूर दिसताच पातेले उतरवावे. दशावतारात राक्षसाच्या प्रवेशाला पूर्वी मशालीवर उडवीत तीच ही राळ, त्यामुळे पूड ज्योतीवर सांडली तर भडका उडतो. मुलांना चुलीपासून दूर ठेवावे आणि पातेल्यावर बसणारे झाकण हाताशी असावे.

विस्तव बंद करून किसलेले मेण घालावे, ते विरघळताच मिश्रण सुती फडक्यातून गाळून कोरड्या बाटलीत भरावे.

काही जण हे मलम पाण्यात फेटून पांढरे करतात. ते दिसते सुरेख, पण आत राहिलेल्या पाण्यामुळे आपल्या दमट हवेत टिकत नाही, म्हणून मी ते करीत नाही.

प्रथम थोडे मनगटाच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस पाहावे. नंतर रात्री पाय धुऊन पूर्ण कोरडे करून ते भेगांत भरावे आणि सुती मोजे घालावेत. बोटांमधील चिखल्यांवर हे लावू नये. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल, अथवा मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना पाय दाखवावा.