बर्फातून खोलीत येताच लेन्सवर बाष्प: माझा अनुभव

हिमाचलमधल्या स्पितीतलं किब्बर गाव, सुमारे ४२०० मीटर उंची, फेब्रुवारी. दिवसभर हिमबिबट्याची वाट पाहून शेगडीच्या खोलीत आलो की कॅमेऱ्याच्या लेन्सवर, व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून पाहायची खिडकी) बाष्प. पुसलं, तर पुन्हा बाष्प धरलं. शेगडीजवळ ठेवलं, तर आतली काचही धुरकटली. दोन सकाळी वाया गेल्या, फार जीव जळला.

शेवटी हे लागू पडलं. दाराबाहेर, थंडीतच, आधी कार्ड आणि बॅटरी काढली (नंतर पिशवी उघडता येत नाही). मग लेन्ससकट कॅमेरा झिपच्या जाड पिशवीत घालून, हवा दाबून काढून पिशवी घट्ट बंद केली. ती बॅगेत ठेवूनच आत आणली, शेगडीपासून लांब. बाष्प पिशवीवर बाहेरून धरतं, काच कोरडी राहते. मोठ्या टेलिफोटोला (लांबचं टिपणारी लेन्स) खोलीइतकं गरम व्हायला ३ तास लागले. पिशवी हाताला गार लागेनाशी झाल्यावरच उघडली.