बांधकामात नवे तंत्रज्ञान आणताना अडथळे कसे दूर करावेत

कंपनीने महागडी प्रणाली घेतली आणि साइटवर ती कोणी वापरलीच नाही, की दोष सहसा कामगारांच्या माथी मारला जातो. खरा अडथळा बहुतेक वेळा करारात असतो. म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

बिम, म्हणजे इमारतीचे माहितीसह त्रिमितीय मॉडेल, हे उदाहरण घ्या. त्याचे कष्ट वास्तुविशारद आणि संरचना अभियंता उपसतात. वातानुकूलनाचा डक्ट तुळईला (बीमला) आडवा येतो हे आधीच दिसल्याने फोडाफोड वाचते ती कंत्राटदाराची, आणि पुढे देखभाल सोपी होते ती मालकाची. मोबदला नसेल तर मॉडेल जेमतेमच होणार. यासाठी मॉडेल कोणी करायचे, किती तपशिलाचे, कोणत्या टप्प्यावर सोपवायचे आणि त्यातील चुकीला जबाबदार कोण, हे निविदेतच लिहून त्याचे शुल्क वेगळे दाखवावे. ब्रिटनमध्ये २०१६ साली केंद्र सरकारच्या प्रकल्पांना बिम बंधनकारक झाले, म्हणजे तिथेही रेटा पैसे देणाऱ्याकडूनच आला. माहितीची देवाणघेवाण कशी असावी यासाठी आयएसओ १९६५० या मानकांचा आधार घेता येतो. प्रत्येकाचे सॉफ्टवेअर निराळे असल्यास आयएफसी या खुल्या स्वरूपातील फाइलही मागून ठेवावी.

साइटवर मात्र एकाच दुखण्यापासून सुरुवात करावी, आणि ते बहुधा जुन्या ड्रॉइंगचे असते. सुधारित ड्रॉइंग ईमेलने कार्यालयात येते, मुकादमाच्या हातात आधीचीच घडी घातलेली प्रत असते, तिच्यावरून सळई बांधली जाते आणि काँक्रीट ओतण्याच्या तोंडावर तपासणीत फरक उघडा पडतो. छापील प्रतीवर क्यूआर कोड टाकून, तो फोनने स्कॅन करताच ‘ही प्रत चालू आहे की रद्द’ एवढेच दिसेल अशी सोय करावी. तळघरात नेटवर्क मिळत नाही, त्यामुळे नोंदी ऑफलाइन साठवणारे अ‍ॅपच निवडावे. विक्रेत्याचे प्रात्यक्षिक वातानुकूलित खोलीत न पाहता तळघरात पाहावे.

काम संपले की उपकंत्राटदार बदलतात, तेव्हा प्रशिक्षण एकदा उरकून भागत नाही. ते छोटे ठेवून प्रत्येक नव्या टोळीला पहिल्याच दिवशी द्यावे.

सर्वांत चिवट अडथळा दुहेरी नोंदीचा. अ‍ॅपमध्ये भरलेले मोजमाप बिलासाठी पुन्हा वहीत उतरवावे लागत असेल, तर साइट इंजिनिअर अ‍ॅपच सोडून देतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. म्हणून वही कोणत्या तारखेपासून बंद होईल आणि त्यानंतर बिले अ‍ॅपमधील नोंदीवरच मंजूर होतील, हे लेखा विभागाकडून आधी लेखी घ्यावे.