सरकारी नोकरीची चारित्र्य पडताळणी: साक्षांकन नमुना भरायच्या आधी हे करा

लिस्टमध्ये नाव आलं, पेढे वाटून झाले की ऑफिसकडून कागदांचा गठ्ठा येतो आणि त्यात असतो साक्षांकन नमुना, म्हणजे पोलीस पडताळणीसाठी आपली माहिती स्वतः लिहून द्यायचा फॉर्म. बरेच जण तो रात्री मित्राचा भरलेला फॉर्म समोर ठेवून सगळीकडे "नाही, नाही, निरंक" असं लिहून मोकळे होतात. असं करू नका राव. पोरांच्या नोकऱ्या केसमुळे जातात त्यापेक्षा जास्त त्या एका "नाही"मुळे अडकतात.

पूर्वीचं वेगळं होतं. हवालदार घरी यायचे, चहा व्हायचा, शेजारच्या दोघांना विचारायचे, आपल्या ठाण्याचं रजिस्टर बघायचे आणि रिपोर्ट जायचा, दुसऱ्या जिल्ह्यात काही झालेलं असेल तर बऱ्याचदा कळायचंच नाही. आता सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक जाळ्यामुळे ठाणी एकमेकांना जोडली गेलीत, कोर्टातली केस ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी साइटवर नावाने शोधता येते, म्हणजे नाशिकमध्ये झालेली भानगड लातूरला बसून दिसू शकते. त्यात केंद्राच्या नोकऱ्यांमध्ये २०१६ पासून आधी तात्पुरती नेमणूक देऊन पडताळणी मागाहून करायची मुभा आहे, त्यामुळे माणूस जॉइन होतो, पहिला पगार घेतो, त्याला वाटतं सुटलो, आणि रिपोर्ट नंतर येतो.

म्हणून पोलिसांच्या आधी आपणच आपली पडताळणी करायची. ई-कोर्ट्सवर जिल्हा आणि कोर्ट निवडून स्वतःचं नाव टाका, मराठी-इंग्रजी दोन्ही स्पेलिंगने, आडनाव आधी आणि नंतर असं दोन्ही करून बघा. केस निघाली तर तिचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा ओळख क्रमांक) लिहून ठेवा. २०१६ च्या शेवटापासूनचे एफआयआर पोलिसांच्या साइटवर टाकले जातात (संवेदनशील गुन्हे सोडून), तिथेही नजर टाका. त्याआधीचं काही असेल तर सरळ ठाण्यात जाऊन विचारा, लाजायचं काही कारण नाही.

आता खरी गोम. फॉर्ममध्ये "शिक्षा झाली का" एवढंच विचारत नाहीत. कधी अटक झाली का, खटला चालला का, दंड झाला का, बंधपत्र लिहून घेतलं का, एखाद्या आयोगाने परीक्षेला बसायला बंदी घातली का, असं एकेक विचारलेलं असतं. गावाकडे गणपतीच्या किंवा निवडणुकीच्या आधी तरण्या पोरांना बोलावून चॅप्टर केस करतात, म्हणजे शांतता राखीन असा बाँड लिहून घेतात (जुन्या सीआरपीसीचं कलम १०७, १ जुलै २०२४ पासून बीएनएसएसचं १२६), आणि पोरगा म्हणतो माझ्यावर केसच नाही. अरे बाबा, ते बंधपत्रच आहे, लिहायचं ते! लॉकडाऊनमधली १८८ ची केस (सरकारी आदेश मोडल्याची) पण बरेच जण विसरतात. आणि आंदोलनातले गुन्हे मागे घ्यायचा जीआर निघाला म्हणजे केस गेली असं होत नाही, सरकारी वकिलाला कोर्टात अर्ज करावा लागतो आणि कोर्टाची परवानगी लागते, तो आदेश हातात येईपर्यंत केस चालूच धरा.

कलमांचाही घोळ होतोय. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, पण त्याआधीच्या गुन्ह्याला आयपीसीचंच, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचंच कलम राहतं. जुनी ३२३, ५०४, ५०६ स्वतःच्या डोक्याने नव्या आकड्यात बदलून लिहू नका, एफआयआरवर जे आहे तेच उतरवा.

केस संपली असेल तर कागद जमवा. निर्दोष सुटलात तर निकालाची सर्टिफाइड कॉपी, नक्कल विभागात अर्ज करून, आणि त्याला वेळ लागतो म्हणून आजच. पोलिसांनी बी किंवा सी समरी (तक्रार खोटी किंवा गैरसमजातून झालेली म्हणून केस बंद करायचा रिपोर्ट) केली असेल तर ती कोर्टाने मंजूर केल्याचा आदेश. लोकअदालतीत तडजोड झाली असेल तरी लिहायचंच. १८ वर्षांच्या आतलं प्रकरण असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम २४ (लहानपणच्या प्रकरणामुळे पुढे अपात्र धरू नये असं सांगणारं) तुमच्या बाजूने आहे, पण भरण्याआधी एकदा वकिलाला दाखवा.

खरं लिहिलं तर नोकरी जाईल का? गॅरंटी कुणीच देणार नाही. पण सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये अवतार सिंग केसमध्ये सांगितलंय की किरकोळ प्रकरण असेल, उदाहरणार्थ तरुणपणी घोषणा दिल्या वगैरे, तर लपवलं असलं तरी नियुक्ती देणारा अधिकारी ते माफ करू शकतो. त्याच निकालात हेही आहे की खरं सांगितलं तरी पूर्वचरित्र तपासायचा त्यांचा हक्क राहतो. आणि एकापेक्षा जास्त पेंडिंग केसेस दडवल्या तर ते स्वतःच नोकरी नाकारायला पुरेसं धरलं जातं.

पत्त्याचं माझंच सांगतो. मी पुण्यात शास्त्री रोडला कॉट बेसिसवर (रूममधली फक्त एक खाट भाड्याने घेऊन) दोन वर्षं काढली, भाडेकरार नाही, पावती नाही. गेल्या पाच वर्षांत वर्षापेक्षा जास्त राहिलात ते सगळे पत्ते लिहायचे असतात म्हणून तो लिहिला. पोलीस गेले तेव्हा रूममालक बदललेला, तो म्हणाला असा कुणी माहीत नाही, आणि रिपोर्ट आला "नमूद पत्त्यावर मिळून आला नाही". मग अभ्यासिकेच्या फीच्या पावत्या, मेसवाल्या काकूंचं साधं पत्र, बँकेचं स्टेटमेंट असं सगळं घेऊन पळापळ, दीड महिना गेला. तुम्ही फॉर्म देण्याआधी जुन्या मालकाला एक फोन करून ठेवा, काका, पोलीस येतील, ओळखतो म्हणा.

एक गैरसमज. पोर्टलवरून स्वतः फी भरून काढलेलं चारित्र्य प्रमाणपत्र वेगळं आणि ऑफिसने एसपी किंवा आयुक्तालयाकडे पाठवलेली पडताळणी वेगळी. पहिलं हातात आहे म्हणून दुसरी टळत नाही. ती बरेच दिवस लटकली तर ऑफिसातून त्यांनी पाठवलेल्या पत्राचा जावक क्रमांक घ्या आणि जिल्हा विशेष शाखेत तो नंबर घेऊन जा, नंबर नसेल तर टेबलाटेबलावर फिरवतात.

फॉर्म दिल्यानंतर काही गुन्हा दाखल झाला तर लगेच लेखी कळवा आणि पोच घ्या, तशी अट फॉर्मवरच छापलेली असते, वाचत कुणी नाही. आणि भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स काढून ठेवा, कारण उद्या दुसरी पोस्ट निघाली की हाच नमुना पुन्हा भरावा लागतो आणि तेव्हा तारखा आठवत नाहीत.