जुनी जिप्सी उंच करायच्या आधी तिच्या खाली झोपा

माझी मारुतीची जिप्सी किंग २००४ ची, एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवालं इंजिन), सॉफ्ट टॉप म्हणजे कापडी छताची. २०२० मध्ये घेतली आणि कोपरखैरण्याला सोसायटीत आणली तेव्हा वॉचमनकाकांचा पहिला प्रश्न, "काय साहेब, पोलिसात लागलात का?" मी पोलिसात नाही आणि मेकॅनिकपण नाही, बँकेत बसून लोनच्या फायली बघतो, शनिवार-रविवार पार्किंगमध्ये पाने घेऊन बसतो आणि जे जमत नाही ते तुर्भे एमआयडीसीत एका मिस्तरीकडे नेतो. गाडी घेतल्यावर मी सगळं उलट्या क्रमाने केलं आणि दोनदा पैसे घातले, म्हणून हे लिहितोय.

उलट्या क्रमाने म्हणजे काय तर गाडी आल्यावर पहिल्या महिन्यातच ती उंच करायला लांब शॅकल (कमान म्हणजे पाट्यांची स्प्रिंग चासिसला लटकवणारी पट्टी), २३५/७५ आर १५ मापाचे मोठे टायर, पुढे लोखंडी बंपर, वर एलईडी बार. फोटो काय भारी आले राव. आणि मग एका सकाळी ठाणे-बेलापूर रोडवर घणसोली-तळवलीच्या पुलावर ६० च्या स्पीडला एका जॉइंटवरून गाडी गेली आणि स्टेअरिंग हातात असं थडथडायला लागलं की मला वाटलं पुढचं चाकच निघालं. जवळजवळ थांबेपर्यंत ते थांबलं नाही. बायको शेजारी होती, ती काही बोलली नाही, आणि तेच जास्त वाईट.

तर आता नीट क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी गंज. जिप्सी १९८५ ला आली आणि २०१९ ला बंद झाली, म्हणजे सगळ्यात नवीन गाडीसुद्धा आता जुनीच आहे, आणि आपल्याकडे खाडीची खारट हवा आणि चार महिने पाऊस. वरचा पेंट चकाचक असतो कारण विकणारा तेवढंच करतो. मॅट उचला, रबरी असो नाहीतर कार्पेट, पूर्ण उचला. मी ड्रायव्हरच्या पायाखालचं उचललं तर खाली पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकची नक्षी दिसली. मग गाडी स्टँडवर घेऊन खाली झोपायचं, नुसत्या जॅकवर ठेवून कधीच खाली जायचं नाही, आणि टॉर्च नि छोटी हातोडी घेऊन चासिसवर (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर) टकटक करत जायचं. चांगल्या लोखंडाचा आवाज टणटण येतो, सडलेल्याचा बद्द येतो. मागच्या शॅकलची माउंटिंग, बॉडी जिथे चासिसवर बसते ते रबरी माउंट आणि त्याच्या आजूबाजूचा पत्रा, इथे जास्त वेळ घालवा कारण चिखल तिथेच साचतो. चासिसच्या आत पण चिखल असतो, भोकातून पाण्याचा पाइप घालून धुवा, माझ्या गाडीतून निघालेल्या मातीत दोन कुंड्या भरल्या असत्या.

जिथे पत्रा गेलाय तिथे वरून पॅच चिकटवून काळं अंडरकोटिंग मारतात, ते करू देऊ नका. सडलेलं कापून नवीन पत्रा वेल्ड करायचा, वायर ब्रशने उघडं लोखंड येईपर्यंत घासायचं, मग रेड ऑक्साइड, मग पेंट, मग कोटिंग. ओल्या गंजावर कोटिंग मारलं की गंज आत सुखाने वाढतो, तुम्हाला दिसत नाही एवढंच. आणि जुनं इंजिन ऑइल खालून फवारायचा एक देशी उपाय आहे, लोखंडाला चालतो पण रबरी बुशची (जोडांमध्ये बसणाऱ्या रबराची) वाट लागते, मी नाही करत.

आता स्टेअरिंगचं थडथडणं, कारण ह्यात मी सगळ्यात जास्त भरकटलो. मला एका दुकानात सांगितलं की स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे धक्के शोषणारा शॉकअप) टाका, जाईल. टाकला, गेलं, तीन आठवड्यांनी परत आलं. डॅम्पर रोग लपवतो. खरी तपासणी फुकट आहे आणि दोन माणसं लागतात. पुढचं एक चाक जॅकवर उचला, वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर हात ठेवून जोरात हलवा. ढिलं लागलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिनची (ज्या पिनवर चाक डावी-उजवीकडे वळतं तिची) बेअरिंग. मग ९ आणि ३ वर धरून हलवा, तिथे टाय रॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्यांचे जोड) आणि स्टेअरिंग बॉक्स कळतो. माझ्याकडे किंगपिन दोन्ही बाजूंनी गेली होती. जिप्सीच्या नकलमध्ये (चाक धरणाऱ्या, वळणाऱ्या भागात) किंगपिनखाली शिम म्हणजे पातळ चकत्या असतात, बेअरिंग बदलून शिम लावून योग्य ताण बसवायला लागतो, नुसती बेअरिंग ठोकून दिली की परत तेच. त्यावेळीच नकलचे सील बदलून घ्या. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस आणि गेअर ऑइलची काळी आमटी दिसत असेल तर सील गेलेत हे समजायचं.

आणि माझ्या केसमध्ये दुसरा गुन्हेगार ते लांब शॅकल होते. हिशोब सोपा आहे, कमानीचं एक टोक चासिसला पिनने बांधलेलं, दुसरं शॅकलवर लटकतं, म्हणजे शॅकल २ इंच लांब केला तर गाडी फक्त १ इंच वर येते. त्या एका इंचासाठी ॲक्सल फिरतो, कॅस्टर (चाकं सरळ ठेवणारा कोन) बिघडतो, आणि गाडी सरळ रस्त्यावर दारू प्यायल्यासारखी इकडे तिकडे बघत चालते. मिस्तरीने ते काढून ओरिजिनल लावले आणि जुने लांबवाले माझ्या हातात देत म्हणाला, "घ्या, पेपरवेट करा." अजून एक टेबलवर आहे.

मग कमानी. लोक म्हणतात जिप्सीची राइड कडक, मणके हलतात. कडक आहेच, चारी बाजूंना पाटेच आहेत, पण अर्धा कडकपणा वयाचा असतो. वीस वर्षांत पाट्यांमध्ये गंज भरतो, ते एकमेकांवर सरकत नाहीत आणि पूर्ण कमान एका दगडासारखी वागते. मी कमानी उतरवल्या, पाटे सुटे केले, घासले, ग्रॅफाइट ग्रीस लावून परत बांधले, सगळे बुश नवीन टाकले, आणि शपथेवर सांगतो दुसरी गाडी वाटली. एक पाटा काढून टाकला की मऊ होते असं कोणीतरी सांगेलच, होते मऊ, पण माणसं आणि सामान भरलं की मागून बसते. उलट जास्तीचा पाटा टाकून उंच केली तर रिकाम्या गाडीत दात वाजतात.

इथे एक बारीक गोष्ट जी घाईच्या गॅरेजमध्ये हमखास चुकते. रबरी बुश लावले की शॅकलचे आणि पिनचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन कमानीवर आल्यावर टाइट करायचे. हवेत लटकत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. आणि यू-बोल्ट (कमान ॲक्सलला बांधणारे) ३००-४०० किलोमीटरनंतर परत आवळा, नवीन बांधणी थोडी बसतेच.

एवढं झाल्यावर दोन महिने नुसती चालवा. ऑफिसला न्या, डोंबिवलीला सासुरवाडीला न्या, शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून पाय दुखवून घ्या. ह्या काळात टायमिंग बेल्ट, इंजिन ऑइल, गेअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा डबा), पुढचा-मागचा डिफ (डिफरन्शियल, ॲक्सलमधला गेअरचा संच) सगळ्यांचं ऑइल, ब्रेक फ्लुइड उरकून टाका. मागचा मालक म्हणतो ना की बेल्ट आत्ताच बदललाय, त्याला हो म्हणायचं आणि बदलायचा. एकावेळी एकच गोष्ट बदला म्हणजे कशाने काय झालं ते कळतं, मी चार एकदम केल्या आणि थडथड कुठून आली ते शोधायला पावसाळा गेला.

टायर. ह्यावर भांडणं होतात पण आकडे बघा. स्टॉक २०५/७० आर १५ चा व्यास साधारण ६६.८ सेंटीमीटर. २३५/७५ चा ७३.३, म्हणजे जवळपास १० टक्के मोठा. गाडी वर येते त्याच्या निम्मी, सव्वातीन सेंटीमीटर. बदल्यात काय, तर स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा तुम्ही ६६ ला असता, सगळे गेअर १० टक्के लांब होतात आणि इंजिन तर ८० हॉर्सपॉवरचंच आहे, माळशेजला तिसऱ्यातली गाडी दुसऱ्यात घ्यावी लागते, ब्रेकला पण जास्त जोर लागतो, फुल लॉकला म्हणजे स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवलं की टायर घासतो. आणि स्टेपनी जिप्सीला मागच्या दारावर असते, जड टायर लटकवला की दाराचे बिजागर बोंबलतात, माझ्या दाराला बिजागराजवळ तडा गेला तेव्हा कळलं. आता मी २१५/७५ वर आहे, व्यास ७०.४, फरक ५ टक्के, गाडी उंच करावी न लागता बसले. एवढ्या हलक्या गाडीला, हजार किलोच्या आसपास, हे भरपूर होतात.

आणि खरं सांगू, सगळ्यात मोठं मॉडिफिकेशन हवा कमी करणं हे आहे. चिखलात, वाळूत जायच्या आधी १८ पीएसआयपर्यंत उतरवा, टायर पसरतो, पकड लगेच कळते. त्याहून फार खाली गेलात तर वळताना टायर रिममधून निसटू शकतो. बरोबर बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर ठेवा आणि डांबरी रस्त्यावर यायच्या आधी परत भरा.

फोर व्हील ड्राइव्ह चालतो का ते कोरड्या डांबरी रस्त्यावर बघू नका. पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये सेंटर डिफरन्शियल नाही, वळताना दोन्हीकडचा वेग वेगळा असतो आणि तो ताण कुठेच जात नाही, ट्रान्सफर केस आणि जॉइंट रडतात. मातीवर बघा, पुढचे हब (चाकं ॲक्सलला जोडणारे) लॉक करून. कर्जतला मित्राच्या शेतावर आम्ही जातो, त्याच्या बापूंना गाडी रुतल्यावर बैलांची आठवण येते आणि ते दरवेळी ती ऐकवतात. येऊरला जायचा मोह होतो ठाणेकरांना, पण ते नॅशनल पार्कचं जंगल आहे, तिथे गाडी रस्त्याखाली उतरवायची नाही. खाडीकाठच्या चिखलात तर अजिबात नको, खारफुटी तुडवणं हा गुन्हा आहे आणि तो खारट चिखल वर सांगितलेलं सगळं वेल्डिंग खाऊन टाकेल.

पाण्यात जाणार असाल तर डिफचे ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची भोकं) वर घ्या. चालून तापलेला डिफ थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून नाहीतर सीलमधून पाणी ओढून घेते. साधा रबरी पाइप लावून तोंड इंजिन बेमध्ये वर बांधायचं, दोन-तीनशे रुपयांचं काम. नाही केलं तर ऑइल काढाल तेव्हा चहासारखं निघेल, दूध जास्त घातलेल्या. टो करायची दोरी बंपरला बांधायची नाही, चासिसला बोल्ट केलेला हुक हवा, बंपर उखडून मागच्या गाडीच्या काचेत जाऊ शकतो.

लाइट. ह्या गाड्यांमध्ये हेडलाइटचा सगळा करंट जुन्या स्विचमधून फिरून येतो आणि बल्बपर्यंत पोचेस्तोवर मरतो. रिलेवालं वायरिंग करा, म्हणजे करंट बॅटरीतून थेट बल्बला जातो, बॅटरीपाशी फ्यूज, आणि तेच ५५/६० वॅटचे बल्ब ठेवा, उजेड बघा किती वाढतो. छतावरचा बार मी काढला. समोरच्याला आंधळा करतो आणि पोलीस पकडतात ते वेगळं.

कागदाचं पण बघा, कारण गंमत इथेच संपते. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरोधात गाडी बदलता येत नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लोखंडी बंपरवर तर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितलंय. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं, त्याला फिटनेस, पर्यावरण कर आणि २०२२ पासून वाढलेली फी. २०२४ ला माझी वेळ आली तेव्हा इन्स्पेक्टरने गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली बघितलं, टायरला हात लावला आणि सही केली, कारण आदल्या रविवारी मी स्टॉक बंपर आणि स्टॉक टायर परत लावले होते. म्हणून काढलेला एकही पार्ट भंगारात देऊ नका. जे मॉडिफिकेशन कराल ते बोल्टवर करा, कापून-वेल्ड करून नको. डबवालीची (हरियाणातलं गाव, तिथे जीप बनवून देतात) ओपन जीप बघून जीव जातो ते समजतं मला, पण अशा गाडीचे कागद आधी वाचा, चासिस नंबर स्वतः पेन्सिलने घासून जुळवा.

माझा लोखंडी बंपर सध्या पलंगाखाली आहे. बायको झाडू मारताना त्याला पाय लागला की मला हाक मारते, पूर्ण नावाने. कोणाला स्टॉक शॅकलचा सेट हवा असेल तर माझ्याकडे एक जास्तीचा आहे, कुर्ल्याहून उचललेला, बुश मात्र तुम्हाला नवीन घ्यावे लागतील.