पाकिटावरची तारीख नेमकी कशी वाचायची
दही, पनीर, ब्रेड घेताना आधी तारखेच्या मागचे शब्द वाचा, कारण खरा घोळ तिथेच आहे. पॅक्ड ऑन म्हणजे माल कधी पॅक झाला ते, बस, ती संपायची तारीख नाही. बेस्ट बिफोर म्हणजे तोवर चव आणि दर्जा चांगला राहतो, त्यानंतर तो लगेच विष होत नाही. पण यूज बाय किंवा एक्सपायरी लिहिलं असेल तर ती तारीख गेल्यावर खायचंच नाही, आणि दुकानदारानंही विकायचं नाही.

बेस्ट बिफोर ३ दिवस असं असलं की मग पॅकिंगची तारीख शोधायची आणि दिवस मोजायचे. ०५/०६ म्हणजे आपल्याकडे ५ जून, आधी दिवस मग महिना, बाहेरच्या देशातल्या मालावर कधी उलटंही असतं म्हणून नीट बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ही तारीख पाकिटावर लिहिलेल्या तापमानात ठेवलं तरच खरी. आपल्या नागपुरात मे महिन्यात ४५ अंश असतं, सीताबर्डीवरून पनीर घेतलं आणि तासभर डिक्कीत फिरवत राहिले तर तारीख बाकी असूनही ते खराब होऊ शकते नं भाऊ! त्यामुळे दूध-पनीर सगळ्यात शेवटी घ्या आणि घरी आल्या आल्या फ्रिजमध्ये टाका. पाकीट फोडलं की छापील तारीख विसरा, फोडल्याचा दिवस पेनानं लिहून ठेवा.

खुल्या मिठाईच्या ट्रेवर बेस्ट बिफोर लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक केलं होतं, पाटी नसेल तर बिनधास्त विचारा.