सड्यावरून खाडीकडे: कोकणात ग्रॅव्हेल सायकल उतरवायची कशी

कोकणात ग्रॅव्हेल सायकल (कच्च्या वाटांसाठीची, जाड टायरची) घेऊन जाताय म्हटलं की दहातले नऊ जण सागरी महामार्गाचं नाव घेतात. रस्ता देखणा आहे, वाद नाही. पण तो डांबरी आहे आणि त्यावर कुठलीही सायकल धावते. ४० मिलिमीटरच्या टायरचं काम त्याच्या वरच्या अंगाला, सड्यावर आहे. शंभर-दीडशे मीटर उंचीची ही जांभ्याची पठारं खाड्यांनी कापलेली आहेत. प्रत्येक खाडीला खाली उतरायचं, पूल ओलांडायचा, पुन्हा वर चढायचं. चढ नुसता दमवतो, हाडं मोडतात ती उतारावर.

मार्ग आणि वेळ

नमुन्याला हा घ्या: कोल्हापूरकडून अणस्कुरा घाटाने पाचल, मग राजापूर, बारसूचा सडा, आडिवरे, कशेळी, गावखडी, पूर्णगड, पावस, रत्नागिरी. निवांत तीन दिवस. घाट डांबरीच आहे, पण आंबा घाटापेक्षा ट्रक कमी. परतीला कोकण रेल्वे.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत जा. त्याआधी सड्यावर गुडघाभर गवत असतं आणि खालचे खड्डे दिसत नाहीत. मार्चपासून कातळ तव्यासारखा तापतो. सकाळी साडेसहा ते अकरा आणि दुपारी साडेतीननंतर, एवढंच चालवायचं. पाणी तीन लिटर, कारण वर सावलीही नाही आणि विहीरही सहसा नाही.

नकाशावर रेघ दिसली म्हणून रस्ता असतो असं नाही

उपग्रहाचं चित्र उघडा आणि सड्यावरचे लालसर चौकोन शोधा. त्या चिरेखाणी. तिथवर जाणारी रुंद, मोहक लाल वाट ट्रकने पाडलेली असते आणि खाणीशीच संपते. खाणीच्या कडा करवतीने कापल्यासारख्या उभ्या असतात, कुंपण बहुतेक नसतं. संधिप्रकाशात अशा वाटेवर शिरू नका.

रांगेत लावलेले गडद हिरवे ठिपके दिसले तर ती कलमांची बाग. वाट गडग्याशी, म्हणजे दगडी कुंपणाशी, जाऊन थांबते, मध्ये बेडं (आडव्या बांबूंचं फाटक) असतं. रखवालदार दिसला तर विचारा, नाहीतर मागे फिरा. बेडं उघडलंत तर लावून घ्या, गुरं आत शिरतात.

तिसरी फसवणूक पाखाडीची. सड्यावरून वाडीत उतरणारी ही चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट नकाशावर साध्या पायवाटेसारखी दिसते. गावात विचारलंत, "काका, ही वाट खाली उतरते का?" तर उत्तर येईल, "उतरते की!" आणि ते खरंच असतं, ते रोज उतरतात. प्रश्न असा विचारा: "यावरून टू-व्हीलर डबलसीट खाली जाते का?" उत्तर द्यायला वेळ लागला तर ती पाखाडी आहे. सायकल खांद्यावर घ्या. ती पाखाडी सायकलवरून उतरण्यात शौर्य काही नाही, रिम मात्र जातो.

सड्यावर कातळशिल्पंही आहेत. कशेळीचं हत्तीचं चित्र सुमारे १८ बाय १३ मीटर आहे, बारसू आणि देवाचे गोठणे इथलीही प्रसिद्ध आहेत. २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. रेषा फार खोल नसतात आणि तिरप्या उन्हाशिवाय नीट दिसतही नाहीत. म्हणून उघड्या कातळावर मळलेली वाट सोडून चाक घालू नका.

हवा

सायकल, सामान आणि स्वार मिळून ८५ किलो धरले, तर ४२ मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये पुढे २९ आणि मागे ३२ पीएसआय. ट्यूब असेल तर दोन्हीकडे ७ जास्त. "उतार आला की आणखी हवा काढा" हा सल्ला मऊ मातीच्या प्रदेशातला आहे. जांभ्याच्या कडा धारदार असतात, २५च्या खाली गेलात की रिम दगडाला टेकतो. सीलंट (टायरमधलं, छिद्र आपोआप बुजवणारं द्रव) दर चाकाला ६० मिलिलिटर, तेही ताजं. इथल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, आणि करवंदीचा काटा तुमच्या सोयीने येत नाही. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला बारीक व्हॉल्व्ह बसत नाही, पितळी अ‍ॅडाप्टर खिशात ठेवा.

उतार

आधी जमीन समजून घ्या. जांभा झिजला की त्याचे वाटाण्याएवढे गोल खडे सुटतात आणि खालच्या कडक कातळावर पसरून राहतात. फरशीवर गोट्या ओताव्यात तसं. टायरची नक्षी मातीत रुतते, इथे रुतायला काहीच नसतं. त्यामुळे जाड गुट्ट्यांचा टायर घेऊन हा प्रश्न सुटत नाही. चाक खड्यांवर गरगरतं आणि सायकल वळणाच्या बाहेरच्या अंगाला सरकते.

अशा वेळी लहानपणापासून ऐकलेलं वाक्य आठवतं: पुढचा ब्रेक धरू नकोस, तोंडावर पडशील. या एका वाक्याने जेवढे लोक आडवे केले असतील तेवढे खड्ड्यांनी केले नसतील. उतारावर वजन पुढच्या चाकावर जातं आणि मागचं हलकं होतं. हलकं चाक ब्रेक लावताच जाम होतं, आणि जाम झालेलं चाक गोट्यांवर कुठेही जातं. नुसत्या मागच्या ब्रेकवर घाटी (सड्यावरून खाली जाणारी उभी वाट) उतरणं म्हणजे घसरत उतरणं. माझं मत याबाबत ठाम आहे: ज्याला पुढचा ब्रेक हाताळता येत नाही त्याने खाडीपर्यंत सायकल हातात धरून चालत जावं.

हाताळायला शिकणं अर्ध्या तासाचं काम आहे. सड्यावर खडे असलेली सपाट जागा शोधा. ताशी दहाच्या वेगाने सरळ जात पुढचा ब्रेक एका बोटाने हळूहळू दाबत न्या. चाक सुटू लागलं की हँडलमध्ये एक बारीक थरथर येते. तत्क्षणी सोडा. दहा-बारा वेळा करा. ती थरथर बोटाला ओळखीची झाली की उताराला हात घाला, त्याआधी नको.

आता प्रत्यक्ष उतरताना. हात हँडलच्या खालच्या वाकात, दोन्ही ब्रेकवर एकेक बोट. कोपर वाकलेले, बूड सीटवरून उचलून थोडं मागे, पेडल आडवे. वेग ताशी वीसच्या आत. वळणाच्या दहा-पंधरा मीटर आधी, सायकल सरळ आणि उभी असतानाच, दोन्ही ब्रेक सारखे दाबून वेग पाडून घ्या. वळणात शिरताना पुढचा ब्रेक पूर्ण सोडा, मागचा नुसता स्पर्शापुरता. बाहेरचा पाय खाली, वजन त्यावर. वळणात शिरल्यावर वेग जास्त वाटला तर पुढचा ब्रेक दाबण्याचा मोह होईलच. सायकल आधी उभी करा, सरळ जात थोडं दाबा, मग पुन्हा वळवा. तेवढी जागा नसेल, तर तुम्ही वळणाआधीच चुकलेले असता.

चाक कुठून न्यायचं? टेम्पोच्या चाकोरीतून. ती वाहनांनी झाडून निघालेली असते. मधल्या उंचवट्यावर आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला खडे साठतात. सगळ्यात उभ्या वळणांवर बहुधा काँक्रीट घातलेलं असतं. ते दिसताच लोक ब्रेक सोडतात आणि तिथेच फसतात: काँक्रीट संपतं तिथली माती पावसाने वाहून गेलेली असते, वीतभर खाली उडी असते. शेवटच्या दोन मीटरवर वेग मारून घ्या. काजूच्या झाडांखाली वाळका पाचोळा खडे झाकतो. पऱ्ह्या (छोटा ओढा) आडवा जातो तिथे डिसेंबरातही दगडाला शेवाळ असतं, ते सरळ, ब्रेक न लावता ओलांडायचं. आणि पश्चिमेकडची घाटी साडेचारच्या आत उतरा. नंतर सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि झाडांच्या कवडशांत खडा आणि सावली यांतला फरक कळत नाही.

ब्रेक सतत घासत ठेवू नका. दाबा, सोडा, दाबा, सोडा. दांडी हँडलला टेकू लागली किंवा जळका वास आला तर थांबा, दहा मिनिटं बसा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतलंत तर ती वाकडी होते. लाल धूळ पॅड खाते, म्हणून धातूमिश्रित पॅड लावा. कर्कश ओरडतील, पण टिकतील.

चढ आणि वाळू

खाडीतून वर येताना सर्वांत हलका गिअर एकास एक किंवा त्याहून हलका हवा. बसून चढा, उभं राहिलात की मागचं चाक फिरतं.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, सायकल घालायचीच असेल तर ओहोटीला, पाण्यालगतच्या ओल्या घट्ट वाळूवरून. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करा: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत हिवाळ्यात कासवांची घरटी असतात, तिकडे चाक नको.

त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याची एक बादली सायकलवर ओता, साखळी पुसून तेल द्या. सकाळपर्यंत ठेवलंत तर कड्यांवर गंज दिसेल. आणि पांढरे मोजे आणू नका, जांभ्याचा लाल रंग कुठल्याच साबणाने जात नाही.